उद्या दुसरा येऊन राह्यला, ताई, आजच सांगा

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई गडचिरोली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावाजवळच्या उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. नोकरी कंत्राटी, पगार २५ हजार, वर इन्सेन्टिव्ह येईल तेव्हा. वय २८, लग्न झालेलं नाही, घर वाशिमकडे. उपकेंद्राचं क्वार्टर गळतं म्हणून तिथे कोणीच राहत नाही. सध्या ओळखीच्या एका कुटुंबात तात्पुरत्या राहतात, पण दसऱ्याच्या आत तिथून निघायचं आहे. गावात कंपनीचे ठेकेदार दुप्पट किराया देऊन खोल्या उचलून राहिले. जी घरं ताईंनी पाहिली ती एकतर हातची गेली, नाहीतर आडनाव विचारून झाल्यावर "सांगतो मग" ऐकावं लागलं. आता एक दोन खोल्यांचं स्लॅबचं घर मिळू शकतं. किराया ६,५००, डिपॉझिट १५ हजार आणि सहा महिन्यांचा किराया आधी. मालकाने शुक्रवारपर्यंत वेळ दिला आहे. आई म्हणते सोनं गहाण ठेव, मैत्रीण म्हणते साखरपुडा झाला म्हणून सांग. ताई विचारतात, "सोनं ठेवून हे घर पकडू, की जिल्ह्याच्या ठिकाणी राहून रोज जाणं-येणं करू? एवढ्या गर्दीत माझ्यासारखीला कोण घर देणार?"

ताई, आधी शुक्रवारचं पाहू, कारण झोप त्यानेच उडालेली दिसते तुमची.

हिशोब मांडा. सहा महिन्यांचे ३९ हजार, वर १५ हजार डिपॉझिट, म्हणजे चावी हातात यायच्या आधी ५४ हजार मोजायचे, तेही २५ हजाराच्या पगारावर. आता मला सांगा, ज्याच्या दारात दुप्पट किराया देणारा ठेकेदार खरंच उभा आहे तो तुमच्यासाठी शुक्रवारपर्यंत काऊन थांबेल? थांबला म्हणजे एकतर दुसरा कोणी नाहीच, नाहीतर दुसरा आहे पण मालकाला तो नको आहे, तुम्ही पाहिजे आहात, आणि या दोन्हीत पारडं तुमचंच जड आहे, फक्त त्याने ते तुम्हाला कळू दिलं नाही. तिसरं असं होऊ शकतं की त्याला किरायदारापेक्षा एकरकमी पैशाची घाई आहे, घरात लग्न असेल, ट्रॅक्टरची किस्त थकली असेल, त्यात काही वाईट नाही, पण मग तुम्ही किरायदार राहिल्या नाही, बिनव्याजी कर्ज देणाऱ्या झाल्या, आणि कर्ज देणाऱ्याने कागद मागायला लाजू नये.

सोनं ठेवू नका. पैसे बुडतीलच असं मी म्हणत नाही, बहुतेक मालक काही चोर नसतात. पण सहा महिन्यांचा किराया एकदा त्याच्या हातात गेला की तुमच्या हातात काही उरत नाही. एप्रिलमध्ये बोअर आटली, संडासचा टाका भरला, कूलर लावला म्हणून कुरकुर सुरू झाली, तेव्हा तुम्ही काय म्हणणार, "मी सोडून जाते"? जाऊन दाखवा, पैसे तिकडेच. आणि कंत्राटी माणसाची ऑर्डर कधी बदलेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

त्याला उलट असं सांगून पाहा : दोन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचा किराया आगाऊ, आणि अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला करार, नोंदणीचा खर्च तुम्ही करा वाटल्यास. हे झाले १९,५००. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नको असंच म्हटलं आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागत नाही, म्हणून त्याच्या नावाने मालकाला धमकावू नका, पण "दोन महिने" ही मागणी काही हवेतली नाही एवढं तुम्हाला माहीत असलेलं बरं. मालक अगदीच अडून बसला तर फार तर तीन महिन्यांपर्यंत जा, पण करारात लिहून घ्या की मधात घर सोडलं तर उरलेला आगाऊ किराया इतक्या दिवसांत परत. हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याचं घर गेलं तर गेलं.

आता तुमचं ते "माझ्यासारखीला". पत्रात हा शब्द दोन-तीनदा आला आहे आणि मला वाटतं अडचण तिथेच जास्त आहे. तुम्ही घर पाहायला जाता तेव्हा उपकार मागायला जाता. मालकाच्या डोक्यात काय चालू असतं याचा विचार केला का कधी? त्याची भीती साधी आहे. किराया थकेल, लाईट बिल थकेल, दोन माणसं सांगून आठ राहतील, रात्री पिऊन गोंधळ होईल, आणि सगळ्यात मोठी, जुन्या लोकांच्या डोक्यातून न जाणारी भीती, की किरायदार उद्या निघालाच नाही तर? वणी-घुग्घुसचा कोळशाचा पट्टा, गडचांदूरकडचा सिमेंटचा भाग, इथल्या मालकांनी हे सगळं जुन्या काळापासून पाहिलं आहे, आणि आता सुरजागडची खाण, कोनसरीचा कारखाना आल्यावर एटापल्ली, आलापल्ली, आष्टी, चामोर्शीकडचे मालकही तेच शिकून राहिले. ठेकेदार दुप्पट देतो हे खरं, पण दोन खोल्यांत आठ पोरं टाकतो, काम संपलं की रातोरात गाडी भरतो आणि शेवटच्या दोन महिन्यांचं बिल मालकाच्या गळ्यात. तुम्ही एकट्या, महिन्याचा पगार बँकेत, दिवसभर ड्युटीवर, गावातच नोकरी म्हणून पळून जायचा प्रश्न नाही. मालकाला असा किरायदार शोधून सापडत नाही. हे तुम्ही तोंडाने सांगा, आपोआप कोणाला कळत नसते.

ज्याला दुप्पटच पाहिजे त्या मालकाशी बोलण्यात अर्थ नाही. त्या खोल्या तुमच्या नाहीतच, त्या गेल्या म्हणून जीव जाळू नका. तुमची घरं वेगळी आहेत, जिथे मालक स्वतः पुढच्या भागात राहतो आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, पोरं पुण्याला, घरात काकाजी आणि काकू दोघंच. अशा घरात आठ पोरं कोणी ठेवत नाही, ठेकेदाराने कितीही दिले तरी. आणि अशा घरात फोनवर काकाजी बोलतात पण ठरवतात काकू. म्हणून संध्याकाळी घाईत, टू-व्हीलर चालू ठेवून काकाजींशी बोलून येऊ नका, दुपारी जा, काकूंजवळ बसा, चहा होऊ द्या, माहेर कुठलं ते विचारू द्या. एक सावधगिरी मात्र आत्ताच ठेवा, तुम्ही दवाखान्यातल्या म्हटल्यावर तुमचं बीपीचं मशीन हे घरचं मशीन होऊन जाईल आणि रात्री अकराला शेजारच्या मामाजींची शुगर पाहायला दार वाजेल. "खरी इमर्जन्सी असेल तर कधीही उठवा, बाकी सकाळी नऊनंतर उपकेंद्रात या" हे पहिल्याच आठवड्यात हसत-हसत सांगून टाका, नंतर सांगितलं तर वाईट वाटते लोकांना.

अशी घरं सापडणार कशी? व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. तिथे जी खोली येते ती पन्नास जणांनी पाहिलेली असते, आणि फोटो पाहून, घर न पाहता फोनपेवर टोकन टाकायचं तर नावच काढू नका. मला आश्चर्य वाटलं ते हे की तुमच्या पत्रात मालक आहेत, दलाल आहे, मैत्रीण आहे, पण आशाताई कुठेच नाहीत. सर्वेक्षणाला घरोघरी जाणाऱ्या त्याच. कोणत्या घराला कुलूप आहे, कोणाची सून वेगळी झाली, कोणाचा भाडेकरू मास्तर बदलून गेला, हे ग्रामपंचायतीला कळायच्या आधी त्यांना माहीत असते. आपण त्यांच्या मॅडम, त्यांच्याजवळ कसं बोलायचं, असं वाटलं असेल तर ते सोडा. उद्याच बोला. सगळ्यात मोठा फायदा असा की आशाताई तुम्हाला घेऊन गेली तर दारात तुमची ओळख तीच सांगते, आणि गावात घर मिळते ते ओळखीवरच.

दुसऱ्या नोकरीतल्यांसाठीही हेच, फक्त माणसं वेगळी. पिग्मीचे पैसे गोळा करणारा एजंट, मीटरचं रीडिंग घेणारा, आरओच्या पाण्याच्या कॅन टाकणारा पोरगा, चौकातला किराणेवाला. मास्तर लोकांनी तर बदल्यांचा सीझन सोडूच नये. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, जुने मास्तर मे महिन्यात सामान हलवतात, तेव्हा घर रिकामं व्हायच्या आधी बोलणं झालेलं पाहिजे. आणि आत्ता तुमच्यासाठी, गणपती उठले की पितृपक्ष लागते. त्या पंधरा दिवसांत घरगुती माणूस नवीन घरात पाय ठेवत नाही, म्हणून गर्दी जरा ओसरलेली असते. त्या दिवसांत घर पाहा, बोलणी करा, कागद करा, राहायला घटस्थापनेला जा. काकूंनाही ते पटेल.

आडनावाचं बोलू. हे मी गोड करून सांगणार नाही. "सांगतो मग" म्हणजे काय ते तुम्हाला कळलं आहे आणि तुम्हाला बरोबर कळलं आहे. "नॉनव्हेज खाता का" हाही बरेचदा तोच प्रश्न असतो. तुमच्यात काही कमी आहे म्हणून ते घर गेलं नाही आणि जास्त पैसे दिल्याने तो माणूस बदलणारही नाही. जिथे आडनाव ऐकून कपाळाला आठी पडली तिथे किराया वाढवून घुसू नका, त्याच घरी रोज सकाळी पाणी भरायचं आहे तुम्हाला. मध्यस्थ धरून जायचा एक फायदा इथेही आहे, तुमचं नाव आधीच सांगितलेलं असते, ज्याला नाही म्हणायचं तो आशाताईला नाही म्हणतो, तुम्हाला दारात उभं राहून ऐकावं लागत नाही. हे न्यायाचं नाही, पण मनस्ताप कमी करते. कोणी तोंडावर, माणसांसमोर जात काढून नकार दिला तर ती साधी गोष्ट नाही, १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेची आडकाठी करणं गुन्हा धरलेला आहे. तारीख, वेळ, सोबत कोण होतं हे लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, नाही केली म्हणून कोणी तुम्हाला भित्री म्हणू नये. पोटासाठी परगावी राहणाऱ्याने किती आघाड्यांवर लढायचं याला काही मर्यादा असते.

साखरपुड्याचं सांगू नका. खोटं बोलणं पाप म्हणून नाही म्हणत, गाव लहान आहे म्हणून म्हणते. आठ दिवसांत मुलगा कुठला, करतो काय, तारीख कधीची, हे सगळं काकू विचारतील आणि तुम्ही कुठवर पुरणार? त्यापेक्षा आई महिन्यातून येऊन राहील हे खरं आहे ते सांगा, पहिल्या दिवशी आईलाच सोबत न्या. आणि पाहुणे कोण येतील, भाऊ आला तर मुक्काम चालेल का, डिलिव्हरीच्या केसला रात्री दोनला निघावं लागलं तर फाटक कोण उघडेल, हे आधीच बोलून घ्या. एकट्या बाईला घर देणारे पुष्कळ आहेत, पण रात्री येण्या-जाण्यावरून नंतर कटकट होते, ती टाळायची असेल तर ड्युटी कशी असते ते आधी समजावून सांगा.

रोज जाणं-येणं करायचा विचार मी बाजूला ठेवते. बस चुकली की दिवस गेला. टू-व्हीलरने जायचं तर अंधार पडल्यावर जंगलातला रस्ता, वाघाची भीती आपल्या भागात काही कल्पनेतली नाही. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागड तुटते हे सगळ्यांना माहीत आहे, पण तुमच्याही रस्त्यावर एखादा लहान नाला असेलच जो बातमीत येत नाही आणि दोन तास अडवतो. म्हणून घर शोधताना हे पाहा की ते उपकेंद्राच्याच बाजूला आहे का, नाल्याच्या पलीकडे नाही ना. पाचशे कमी किरायासाठी पलीकडे जाऊ नका.

आणि ते क्वार्टर. तुम्ही एका ओळीत गळतं म्हणून सोडून दिलं. किती गळतं? पूर्ण छत गेलं आहे की एका खोलीचा कोपरा? दाराला कडी, संडासला पाणी, लाईटचं कनेक्शन, यातलं काय आहे आणि काय नाही? फोटो काढून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, ग्रामपंचायतीला प्रत द्या, आवक शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. उपकेंद्राला किरकोळ कामांसाठी अनटाइड फंड, म्हणजे एकाच कामाला न बांधलेला निधी असतो, त्यातून काय होऊ शकते ते एएनएम, म्हणजे उपकेंद्राच्या नर्स ताईंसोबत बसून विचारा. यंदाच्या पावसाळ्यात काही होणार नाही हे मलाही कळते. पण पुढच्या वर्षी घरमालकाने किराया वाढवला तर तुमच्या हातात काहीतरी पर्याय असेल, आणि मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहत नाही म्हणून कोणी बोट दाखवलं तर शिक्क्याचा कागद दाखवता येईल.

घर पसंत पडलं की दोन गोष्टी जास्त लक्ष देऊन पाहा, बाकी भिंतीचा रंग वगैरे जाऊ द्या.

पहिली, उन्हाळा. टिनाची खोली असेल तर पावसाळ्यात छान वाटते, मे महिन्यात तिथे दुपारी बसता येत नाही. कूलर ठेवायला खिडकी आहे का, खिडकीबाहेर मोकळी जागा आहे का की दुसऱ्याची भिंत, पाणी भरायला नळ किती दूर, आणि मे महिन्यात त्या नळाला पाणी असते का हे शेजारणीला विचारा, मालकाला नाही. लाईटचं पक्कं करा. मालकाच्याच मीटरवर सबमीटर असेल तर दोघांचं वापरलेलं युनिट एकत्र मोजलं जाते, महावितरणचा दर स्लॅबने चढतो, आणि चढलेल्या दराने भांडण तुमच्या कूलरवर येते. युनिटमागे किती रुपये ते आकड्यात ठरवा, राहायला जायच्या दिवशी सबमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा.

दुसरी, घर खरंच याच माणसाचं आहे का. ग्रामपंचायत असेल तर घरटॅक्सची पावती किंवा नमुना आठचा उतारा, नगरपंचायत असेल तर मालमत्ता कराची पावती, सोबत लाईट बिल. नाव वडिलांचं निघालं तर घाबरू नका, आपल्याकडे निम्म्या घरांचं तसंच असते, पण भाऊ किती आणि वाटणी झाली का ते विचारा. सहा महिन्यांचा किराया एका भावाने घेतला आणि नागपूरवाला दुसरा भाऊ येऊन म्हणाला माझा हिस्सा आहे, खाली करा, तर तुम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहणार?

करार लिव्ह अँड लायसन्सचा करा आणि त्याची नोंदणी करा. स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं बरेच लोक समजतात, तसं नाही. नोंदणी तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात होते, आधारच्या अंगठ्यावर ऑनलाइनही होते. खर्च ऐकून मालक दचकतो म्हणून आकडे सांगते. मुद्रांक एकूण किरायाच्या पाव टक्का, म्हणजे अकरा महिन्यांच्या ७१,५०० वर १८० रुपयांच्या आसपास, त्यात डिपॉझिटपोटी थोडेसे वाढतात. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, नगरपालिका हद्दीत १,०००. ऑनलाइन केलं तर वर ३०० हाताळणी शुल्क. करून देणारा स्वतःचे वेगळे घेतो, ते आधी विचारा. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सगळ्या खेड्यांना लागत नाही, ठरवून दिलेल्या भागांनाच लागतो, पण जिथे लागतो तिथे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे आणि न नोंदवल्यास ५ हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. मालकाला हे ऐकवू नका, त्याला त्याच्या फायद्याचं सांगा, की या करारात मुदत संपली की किरायदाराला निघावं लागते, घरावर हक्क सांगता येत नाही. ज्याला "निघालाच नाही तर" ची भीती आहे त्याला हा कागद तुमच्यापेक्षा जास्त कामाचा आहे. सोबत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायचा फॉर्म तुम्हीच भरून न्या, त्याचा अर्धा ताण तिथेच उतरतो. किराया रोख द्यायचा नाही, यूपीआयने द्यायचा आणि नोटमध्ये महिना लिहायचा.

आता शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळी मालकाला असा मेसेज टाका, शब्द तुमचे घाला : "नमस्कार काकाजी. घर मला आवडलं आहे. सहा महिने एकदम देणं मला जमणार नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचा किराया आगाऊ आणि नोंदणीचा करार माझ्या खर्चाने, एवढं मी लगेच करू शकते. मी उपकेंद्रावर नोकरीला आहे, एकटीच राहणार, आई अधूनमधून येईल. जमत असेल तर शनिवारी आईला घेऊन काकूंना भेटायला येते."

उत्तर हो आलं तर घरटॅक्सची पावती पाहायला मागा आणि रविवारच्या आत करारनाम्याचा कच्चा मसुदा वाचून घ्या. नाही आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर शनिवारची दुपार आशाताईंसाठी मोकळी ठेवा, आणि पहिल्या घरी आईलाच आधी आत जाऊ द्या.